संकेतस्थळाचे नाव आणि त्याचा ठावठिकाणा

(पेडणे व डिचोली तालुक्यांतील ग्रामपंचायत सचिव, शिक्षक आणि नागरिक यांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



“संकेतस्थळ उघडत नाही” हे वाक्य आपल्या कार्यालयांतून आज जितक्या वेळा उच्चारले जाते, तितके दुसरे एखादे वाक्य क्वचितच उच्चारले जात असेल. एक व चौदाच्या उताऱ्यासाठी, वास्तव्याच्या दाखल्यासाठी किंवा मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी लाटंबार्से वा विर्नोड्याचा एखादा शेतकरी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी येतो आणि हे वाक्य ऐकून परत जातो. त्यास बहुधा सांगितले जाते की, ‘नेट नाही.’ त्यातही तो थोडा चाचरत बोलला, तर ‘तुम्हीच काही चुकीचे टाईप केले असेल’ असेही ऐकावयास मिळते. परंतु पुष्कळ वेळा नेट असते, वीज असते, तो दूरचा संगणकही आपल्या जागी चालू असतो. बिघाड झालेला असतो तो केवळ नावाचा. ह्या नावाविषयी आज चार गोष्टी सांगाव्यात असे मी योजिले आहे.

मी कलाशाखेचा पदवीधर आहे, यंत्रशास्त्राचा नव्हे. तथापि, प्रसिद्धीच्या कामात नावांशी आमची रोजच गाठ पडते आणि गोव्यात तर नावांचा प्रश्न किती नाजूक आहे हे आपणांस मी सांगावे असे नाही. ज्या गावी आपण डिचोली म्हणतो तेच कोकणीत दिवचल होते आणि रोमन लिपीत ‘बी’ ह्या अक्षरापासून सुरू होऊन बिचोलिम होते. पेडण्याचे पेर्नेम होते, हरमलचे आरांबोल होते. १७८१ च्या सुमारास डिचोली आणि १७८८ साली पेडणे पोर्तुगिजांच्या अंमलाखाली गेले, त्या काळापासून ही दुहेरी नावे कागदोपत्री चालत आलेली आहेत. माणसाला त्यात अडचण वाटत नाही. कदंबा बसवर ‘पेर्नेम’ लिहिलेले पाहून पेडण्याचा प्रवासी गोंधळत नाही. यंत्राला मात्र अशी समज नसते. त्याच्या लेखी एक अक्षर बदलले की गावच बदलले.

तेव्हा प्रथम हे पाहू की, ह्या नावांची व्यवस्था लागते कशी. आपल्याकडे केरी नावाचे गाव एक नव्हे. तेरेखोलच्या मुखाशी पेडण्यात एक केरी आहे, सत्तरीत दुसरी आहे, फोंड्यात तिसरी आहे. पत्रावर नुसते ‘केरी, गोवा’ लिहिले तर टपाल खात्याने काय करावे? म्हणून आपण ‘केरी, तालुका पेडणे’ असे लिहितो. संकेतस्थळांची नावेही अशीच, लहानापासून मोठ्याकडे जाणारी, बिंदूंनी तोडलेली असतात. ‘गोवा डॉट जीओव्ही डॉट आयएन’ हे नाव उजवीकडून वाचले तर शेवटचे आयएन म्हणजे भारत, त्याच्या आत जीओव्ही म्हणजे शासन, आणि त्याच्या आत गोवा. प्रत्येक पातळीची नोंदवही निराळ्या संस्थेकडे असते. आयएन ही पातळी १९८९ साली भारताच्या नावे झाली आणि आरंभी तिचा कारभार मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होता. २००५ पासून तो नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडियाच्या देखरेखीखाली चालतो. शासकीय नावांची नोंद मात्र राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, करते.

नाव माणसांसाठी असते. यंत्रे एकमेकांना आकड्यांनीच ओळखतात. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला, तेव्हापासून पेडणे म्हणजे ४०३५१२ आणि डिचोली म्हणजे ४०३५०४ हे आपल्या टपाल्याला जसे ठाऊक आहे, तद्वत प्रत्येक संगणकास आकड्यांचा एक पत्ता असतो. नाव विचारले असता हा आकडा सांगणारी जी जगभर पसरलेली निर्देशिका आहे, तिला डीएनएस असे म्हणतात. ही निर्देशिका मुळात नव्हती. अमेरिकेतील आर्पानेट नामक जुन्या जाळ्यात साऱ्या यंत्रांची नावे एकाच फाईलमध्ये लिहिलेली असत. ती फाईल कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर ह्या बाईंचे कार्यालय सांभाळत असे, आणि इतरांनी तिची वेळोवेळी नक्कल करून घ्यावयाची असा रिवाज होता. यंत्रे वाढली तशी ही एक वही पुरेनाशी झाली. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस ह्यांनी जिची तिची वही जिच्या तिच्याकडे ठेवण्याची, म्हणजे आजच्या डीएनएसची, योजना मांडली.

ही जुनी हकीगत मी सांगितली तिला कारण आहे. ती ‘होस्ट्स’ नावाची फाईल आजही प्रत्येक संगणकाच्या पोटात जिवंत आहे आणि सर्वसाधारणपणे यंत्र आधी तिच्यात पाहते, मागाहून बाहेरच्या निर्देशिकेस विचारते. आता काय होते पहा. नवे संकेतस्थळ तयार करणारा तंत्रज्ञ, ते लोकांसमोर येण्यापूर्वी आपल्याला पाहता यावे म्हणून, आपल्या यंत्रावरील ह्या फाईलमध्ये एक ओळ लिहून ठेवतो आणि काम संपल्यावर ती पुसावयास विसरतो. त्याच्या यंत्रावर संकेतस्थळ उत्तम उघडते. गावात ते कोणाकडेच उघडत नाही, कारण बाहेरच्या निर्देशिकेत नोंद झालेलीच नसते. एका कार्यालयात अशा एका ओळीपायी तीन आठवडे पत्रव्यवहार चाललेला मी पाहिला आहे. एका बाजूने ‘आमच्याकडे उघडते’ असे उत्तर जाई, दुसऱ्या बाजूने ‘आमच्याकडे उघडत नाही’ असे येई, आणि दोन्ही पत्रे अक्षरशः खरी होती!

कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यातही असाच प्रकार संभवतो. आतल्या यंत्रांना नावाचा आतला आकडा सांगितला जातो, बाहेरच्यांना बाहेरचा. आतला बरोबर आणि बाहेरचा चुकलेला, किंवा उलट, असे होऊ शकते. यास्तव तक्रार आली की कार्यालयातील संगणकावर खात्री करून समाधान मानू नये. खिशातील मोबाइलचे वायफाय बंद करावे आणि मोबाइल कंपनीच्या जोडणीवरून तेच नाव उघडून पाहावे. ह्या परीक्षेला अर्धा मिनिट लागतो. शाळेतील संगणक-शिक्षकांना आणखी एक गोष्ट करता येईल: ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा देऊन त्यापुढे संकेतस्थळाचे नाव लिहिले की कोणता आकडा मिळतो ते पडद्यावर दिसते. कार्यालयात एक आणि मोबाइलच्या जोडणीवर दुसरा आकडा आला, तर तपासाची दिशा तेथेच मिळते. दोन आकडे दिसणे हा प्रत्येक वेळी दोषच असतो असे नाही, पण विचारण्याजोगी गोष्ट खचित असते.

नाव आणि आकडा यांची गाठ बदलल्यावर सगळ्या जगाला ते त्याच क्षणी कळत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. निर्देशिकेचे उत्तर किती काळ जपून ठेवावे हे त्या उत्तरासोबतच सेकंदांत लिहिलेले असते. ८६,४०० सेकंद लिहिले असतील तर पुरे चोवीस तास जुने उत्तर कोठे ना कोठे चालू राहते. शहाणा तंत्रज्ञ स्थलांतराच्या दोन दिवस आधीच हा काळ ३०० सेकंदांवर आणून ठेवतो आणि जुने यंत्रही काही दिवस चालू राहू देतो. निकालाच्या किंवा अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी यंत्र बदलणे म्हणजे लग्नाच्या दिवशी घर शाकारावयास काढणे होय.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. समजा, नावावरून आकडा बरोबर मिळाला आणि आपण त्या यंत्राच्या दाराशी पोहोचलो. तेथे एकच संकेतस्थळ असते असे समजू नका. कोणत्याही तालुक्याची प्रशासकीय इमारत डोळ्यांपुढे आणा. पत्ता एक, पण आत मामलेदार, उपनिबंधक, कोषागार अशी अनेक कार्यालये. दाराशी आपण सांगतो की अमुक कार्यालयात जावयाचे आहे, तेव्हा योग्य खोली मिळते. एका आकड्यावर बसलेल्या यंत्रातही अशी दहा-वीस संकेतस्थळे एकत्र नांदतात, आणि आपला ब्राउझर प्रत्येक मागणीबरोबर ‘मला ह्या नावाचे स्थळ हवे’ असे सांगतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या १.१ ह्या आवृत्तीत असे नाव सांगणे सक्तीचे करण्यात आले. दाराशी बसलेल्या आज्ञावलीला वेब सर्व्हर म्हणतात. अपाचे आणि एन्जिनेक्स ही त्यांतील दोन परिचित नावे. तिच्याजवळ कोणत्या नावाला कोणती खोली, ह्याची यादी असते.

सांगितलेले नाव तिच्या यादीत नसेल तर ती काय करते? आपणांस वाटेल, ‘येथे असे कोणी नाही’ म्हणून परत पाठवत असेल. तसे बहुधा होत नाही. वेगळी सूचना दिलेली नसल्यास ती पाहुण्याला यादीतील पहिल्या खोलीत नेऊन बसवते! म्हणूनच कधी कधी आपण एका खात्याचे नाव टाईप करतो आणि समोर भलत्याच खात्याचे पान येते, किंवा सर्व्हर नुकताच बसवल्याचे इंग्रजी अभिनंदनपर पान येते. ग्रामस्थाला वाटते की संकेतस्थळ कोणी पळवले. खरे कारण इतकेच असते की, निर्देशिकेत नाव चढले, पण दाराशी असलेल्या यादीत चढले नाही, किंवा चढताना एक अक्षर चुकले. अपाचेमध्ये मुख्य नाव ‘सर्व्हरनेम’ ह्या ओळीत आणि पर्यायी नावे ‘सर्व्हरएलिअस’ ह्या ओळीत लिहावयाची असतात. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेले आणि नसलेले अशी दोन रूपे ही यंत्राच्या दृष्टीने दोन स्वतंत्र नावे होत. एक लिहिले व दुसरे राहिले, हा सर्वांत वारंवार आढळणारा दोष आहे. यंत्र सांभाळणाऱ्याने ‘अपाचेसीटीएल’ ही आज्ञा वजाचे चिन्ह व मोठा एस जोडून दिली, तर साऱ्या नावांची यादी आणि पहिली खोली कोणाची हे सरळ छापून येते. यादी बदलल्यावर ती सर्व्हरला पुन्हा वाचावयास लावावी लागते, हे वेगळे सांगण्याचे कारण नाही. पण विसरले जाते ते हेच.

अपाचे सुरू करताना कधी एक इशारा उमटतो. त्याचा आशय असा की, ‘मला माझे पूर्ण नाव खात्रीने ठरवता आले नाही, म्हणून मी १२७ पासून सुरू होणारा आकडा वापरीत आहे.’ हा आकडा यंत्राचा स्वतःशी बोलण्याचा पत्ता असतो. इशारा येऊनही संकेतस्थळ पुष्कळदा चालते, म्हणून त्याकडे कानाडोळा होतो. परंतु काही मांडण्यांत सर्व्हर पाहुण्याला एका पानावरून दुसऱ्या पानाकडे धाडताना स्वतःचे नाव सांगतो. ते नाव चुकीचे असेल तर पहिले पान उघडते आणि पुढच्या पानाचा मार्ग मात्र ग्रामस्थाच्या स्वतःच्याच यंत्राकडे वळतो. तेथे अर्थातच काही नसते. मजकूर सांभाळणाऱ्या काही आज्ञावल्याही संकेतस्थळाचे जुने नाव आपल्या पोटात लिहून ठेवतात आणि तोच परिणाम घडवतात. म्हणून ‘पहिले पान दिसते, आतले दिसत नाही’ ही तक्रार आल्यास तिला क्षुल्लक समजू नये.

तिसरी नोंद प्रमाणपत्राची. पत्त्याच्या पट्टीत कुलुपाची किंवा तत्सम खूण असते, ती सांगते की हे स्थळ ह्याच नावाचे असल्याची ग्वाही एका मान्य संस्थेने दिली आहे. ही ग्वाही नावापुरती असते. ज्या नावासाठी प्रमाणपत्र काढले तेच नाव हवे. दुसरे रूप असेल तर ब्राउझर मोठ्या अक्षरांत धोक्याची सूचना दाखवतो. तारांकित प्रमाणपत्र घेतले म्हणजे सर्व नावे आपोआप त्यात आली, असाही एक समज आहे. तो खरा नाही. तारा एकाच पातळीपुरता असतो; पोटविभागाच्या पोटविभागाला तो लागू होत नाही.

ह्या ठिकाणी मला जरा कठोर बोलावे लागेल. अशी सूचना आली की आपल्याकडील काही मंडळी ग्रामस्थास सांगतात, ‘काही नाही, खाली पुढे जा असे लिहिले आहे, ते दाबा.’ आपल्याच शासकीय संकेतस्थळाचे नाव जुळत नाही म्हणून आपण माणसाला धोक्याची सूचना ओलांडण्याचे शिक्षण देतो. उद्या कोणी लबाड मनुष्य आपल्या खात्यासारखे दिसणारे बनावट पान उभारून त्याच शेतकऱ्याचा आधार क्रमांक आणि बँकेचा तपशील मागेल, तेव्हाही तो शिकवल्याप्रमाणे पुढे जाईल. त्याचे पैसे गेले तर त्या नुकसानीत आपला वाटा कितपत, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे. सूचना आली की थांबावे, काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे, आणि दोष संबंधितांस लेखी कळवावा. मुदत संपत असेल तर अर्ज कागदावर स्वीकारण्याची विनंती करावी.

तक्रार लिहिताना ‘उघडत नाही’ एवढेच लिहू नये. पडद्यावर जे शब्द आले ते जसेच्या तसे उतरवावेत किंवा मोबाइलने टिपावेत, कारण त्या शब्दांतच बिघाडाचे ठिकाण सांगितलेले असते. पत्ता सापडला नाही असे शब्द असतील तर निर्देशिका पाहावी. जोडणी नाकारली असे असेल तर नाव बहुधा ठीक आहे, यंत्र किंवा त्यावरील आज्ञावली बंद आहे. भलतेच पान आले तर दाराची यादी. जोडणी खासगी नाही अशी सूचना आली तर प्रमाणपत्र, आणि त्याचबरोबर आपल्या स्वतःच्या यंत्रावरील तारीख व वेळही. तारीख मागे पडलेली असली तरी वैध प्रमाणपत्र अवैध दिसते, हा अनुभव शाळांतील जुन्या संगणकांवर येतो. पाठोपाठ वेळ, जोडणी कोणती होती, आणि टाईप केलेले नाव अक्षरशः काय होते, हे लिहावे. नाव व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून उघडले असेल तर तसे नमूद करावे.

प्रसिद्धीचे काम करणाऱ्यांसाठीही एक गोष्ट येथे येते. फलकावर किंवा पत्रकात संकेतस्थळाचा आकडी पत्ता कधीही छापू नये; यंत्र बदलले की तो फलक खोटा ठरतो. नाव छापावे, आणि छापण्यापूर्वी कार्यालयाबाहेरून ते उघडून पाहावे. शासनाची कित्येक स्थळे पूर्वी एनआयसी डॉट आयएन ह्या शेवटाची होती, ती पुढे जीओव्ही डॉट आयएनकडे आली. हा बदल योग्यच होय. परंतु पंचायतीच्या भिंतीवर चिकटवलेली जुनी नावे तशीच राहतात. जुन्या नावावर आलेल्याला नव्या नावाकडे पोहोचवण्याची सोय वर्षानुवर्षे चालू ठेवावी. विशेषतः एखाद्या कार्यक्रमासाठी खासगीरीत्या घेतलेले नाव मुदत संपल्यावर सोडून दिले, तर ते दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो आणि आपल्या जुन्या फलकांवरची सारी विश्वासार्हता त्याच्या पदरात पडते.

नाव एकटे सांगून भागत नाही, ह्याचे उदाहरण पेडणेकरांच्या अंगणातच आहे. मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व ५ जानेवारी २०२३ पासून तेथे विमाने उतरू लागली. तेव्हापासून तिकिटावर नुसते ‘गोवा’ वाचून चालत नाही. जीओएक्स म्हणजे मोपा आणि जीओआय म्हणजे दाबोळी, हे पाहूनच घरून निघावे लागते.

शेवटी देवनागरी नावांविषयी, कारण शिक्षक मित्रांकडून हा प्रश्न हमखास येतो. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘डॉट भारत’ ही देवनागरी पातळी सुरू झाली आणि तीत मराठी व कोकणी ह्या दोन्ही भाषांचा समावेश आहे. तेव्हा बिचोलिम की डिचोली हा रोमन लिपीचा वाद तेथे उद्भवत नाही. पण नवा प्रश्न उभा राहतो तो शुद्धलेखनाचा. आपल्या तालुक्यातील साखळी काही जण सांखळी अशी लिहितात. मराठीत पेडणे, तर कोकणीत शेवटी अनुस्वार देऊन पेडणें. वाचणाऱ्यास हे एकच गाव. निर्देशिकेस ती निरनिराळी नावे, कारण देवनागरी नाव आतल्या आत ‘एक्सएन’ ह्या अक्षरांनी आरंभ होणाऱ्या रोमन सांकेतिक रूपात बदलले जाते, आणि एका अनुस्वाराने ते रूप पार पालटते. अशी नावे घेणाऱ्या पंचायतींनी आणि शाळांनी प्रचारातील दोन्ही रूपे एकदमच नोंदवावीत, दोन्ही रूपे सर्व्हरच्या यादीत व प्रमाणपत्रात घालावीत, आणि यादीत ती सांकेतिक रोमन रूपात लिहावयाची आहेत हे तंत्रज्ञास आठवणीने सांगावे. कोणते रूप मुख्य मानावयाचे, हे तंत्रज्ञावर न सोडता ग्रामसभेत किंवा शाळेच्या व्यवस्थापन समितीत ठरवून कार्यवृत्तात लिहून ठेवावे, आणि त्याची एक प्रत जो कोणी सर्व्हर सांभाळतो त्याच्याकडे द्यावी.